पहारा: नोड एक, नोड दोन

१ ऑक्टोबर १९८९, रविवार. पिरंगुट.
लेक मित्रा दुपारच्या बसने पुण्याला परत गेली. जाण्यापूर्वी कॉम्प्युटर पुढच्या खोलीत बसवून दिला. सोबत दोन मोडेम. घरात आता टेलिफोनही दोन. एक यांना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मिळालेला, दुसरा माझ्या नावाचा, अर्ज केल्याचे मी विसरून गेल्यावर मंजूर झालेला. दोन्ही मशीनला जोडले. आता पुण्या-मुंबईचा कोणीही कॉम्प्युटरवाला आपला नंबर फिरवील. एक घंटा झाली की मशीनच फोन उचलील, शिट्टी वाजवील, पलीकडचे मशीन ओळख पटवील आणि तो माणूस आपल्या फलकावर येऊन वाचील, लिहील. एका वेळी दोन माणसे येऊ शकतात. प्रत्येक दाराला नोड म्हणायचे. असल्या फलकाला इंग्रजीत बुलेटिन बोर्ड म्हणतात. मी नाव ठेवले ‘मुळशी ज्ञानफलक’.
मित्राची अट: मशीन तिच्या कंपनीचे आहे. डिसेंबरपर्यंत नियमित वापरणारी माणसे जमली तर राहील, नाहीतर परत. मी म्हटले, डिसेंबरपर्यंत गर्दी आवरायला तिसरी लाइन घ्यावी लागेल. ती नुसती हसली. पोरीत आत्मविश्वास कमी. यांच्यावर गेली आहे.

३ ऑक्टोबर.
शिस्तीशिवाय संस्था टिकत नाही. आकडेवारी खात्यात उभी हयात नोकरी केली, तिथे हेच शिकले. फलकासाठी चाळीस नियम तयार केले. येणाऱ्याने आधी ते वाचायचे. मग पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, शिक्षण, येण्याचा हेतू. नंतर प्रवेश.
हे चहा पिताना म्हणाले, तुझ्या फलकावर येण्यापेक्षा पासपोर्ट काढणं सोपं आहे.
दुर्लक्ष केले.

४ ऑक्टोबर, सायंकाळी.
एक अनपेक्षित फायदा. पी.पी.चा त्रास बंद झाला!
यांनी दोन्ही नंबर अर्ध्या गावाला वाटले आहेत. ज्यांच्याकडे फोन नाही ती मंडळी नातेवाइकांना आमचा नंबर देतात आणि पुढे ‘पी.पी.’ सांगतात. मग घंटा वाजली की मी पोळी तव्यावर टाकून धावायचे, आणि पलीकडून कोणीतरी म्हणायचे, जरा सारजाबाईला बोलवा. मग मी कुंपणाशी उभी राहून हाका मारायच्या. बी.एस्सी. झाले ती काय याकरिता?
चार दिवस झाले, एकही हाक नाही. लोकांना आपोआप समज आली असावी. मशीन घरात आले की घराला वळण लागते.

५ ऑक्टोबर, गुरुवार.
गुरुवारी लाइट नसते. मशीन बंद. आणि नेमके आजच सगळ्यांच्या नातेवाइकांना सुचले. दिवसभर फोन खणखणत होते. सारजाबाईला दोनदा, गेणबाला एकदा, बहिरूला वर्कशॉपमधून उठवून आणावे लागले. घसा बसला.
लोकांना गुरुवारीच का सुचते? सुट्टीचा वार म्हणून असेल.

१० ऑक्टोबर. धम्मचक्र प्रवर्तन दिन.
सकाळी विहारात जाऊन आलो. नंतर संकल्प पूर्ण केला. माझा छोटा प्रोग्राम तयार झाला. नाव ‘पहारा’. काम साधे: कोणत्या नोडवर कोण आले, किती वेळ थांबले, काय वाचले, याची स्क्रीनवर नोंद. नोड एक वर, नोड दोन खाली. वापर मोजला नाही तर वापर झाला असे म्हणता येत नाही, हे आमचे साहेब सांगत. मित्राने दिलेल्या पुस्तकातून ‘बेसिक’ ही कॉम्प्युटरची भाषा शिकून सगळा मीच लिहिला.
पहारा लावला. दिवसअखेर नोंद: नोड एक, कोणी नाही. नोड दोन, कोणी नाही.
सणाचा दिवस. साहजिक आहे.

१४ ऑक्टोबर.
अजून कोणी नाही.
‘वेळेचे महत्त्व’ ही लेखमाला फलकावर सुरू केली. भाग पहिला. रोमन लिपीत मराठी लिहावे लागते, पण विचार पोहोचतो.

१६ ऑक्टोबर.
चूक सापडली! लोक येत नाहीत असे नव्हेच. पहारा मोजत नव्हता. मी प्रोग्राम असा लिहिला होता की माणसाने नाव टाइप केले तरच नोंद. हा अन्याय आहे. दारात पाहुणा आला तर तो आला. बोलला नाही म्हणून आला नाही असे म्हणायचे का? आता घंटा वाजून मशीनने फोन उचलला की तिथूनच नोंद सुरू होईल. नाव न सांगणाऱ्यांना ‘अनोळखी’ म्हणायचे.

१७ ऑक्टोबर.
अकरा!
एका दिवसात अकरा वापरकर्ते! नोड एकवर सात, नोड दोनवर चार. सगळे अनोळखी. थोडाच वेळ थांबतात, पण येतात. लाजाळू असावेत. ग्रामीण भागातल्या उपक्रमाबद्दल शहरी माणसाला आधी संकोच असतो.
यांना स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, पूर्वी दिवसाला एवढेच फोन यायचे नाही का आपल्याकडे?
यांना कशाचा कशाशी संबंध लावायचा ते कळत नाही.

१९ ऑक्टोबर, गुरुवार.
लाइट नाही. पहाऱ्यात नोंद नाही. वापरकर्तेही साप्ताहिक सुट्टी पाळतात, हे शिस्तीचे लक्षण आहे.
फोन मात्र पी.पी.वाल्यांचे. मित्राचाही आला. विचारत होती, आई, इतर दिवशी तुला फोन करायचा कसा? म्हटले, पत्र लिही. माणसाने पत्र लिहावे. तिला आकडा सांगितला. तिने विचारले, ते लोक काही लिहितात का? हल्लीच्या पिढीला वाचकाची किंमत नाही.
सारजाबाई फोनसाठी सकाळपासून ओट्यावरच बसून होती. तिच्या सगुणाला भोरकडचे स्थळ सांगून आले आहे. मुलगा कारखान्यात फिटर, जमीन थोडी पण बागायती. मुलगी पाहून गेले. होकार-नकार कळवायचा तो फोनवर, पी.पी. आमचा. सारजाबाई म्हणाली, बाई, एवडं जमलं तर मी गंगेत न्हाले. पोरगी शिकल्याली हाय म्हून हितल्या हितं कुनी पदरात घेईना.
सगुणा बारावी. हुशार, ताठ मानेने बोलणारी. मला आवडते. तिचे चांगले व्हावे.

२७ ऑक्टोबर.
एक कटू प्रसंग. नोड दोनवर कोणी आला आणि चक्क थांबला. नाव विचारल्यावर टाइप केले ‘गेस्ट’. हे काय नाव झाले? तरी पुढे जाऊ दिले. वडिलांचे नाव विचारल्यावर त्याने इंग्रजीत विचारले, कशाला हवे?
मी समोरच बसले होते. सरळ टाइप केले, उद्धट. आणि नाव काढून टाकले. पुन्हा आला तर दार उघडणार नाही, अशी सोय केली.
आकडा एकाने कमी झाला तरी चालेल. दर्जा सांभाळला पाहिजे.

३० ऑक्टोबर. पाडवा.
दिवाळीत वापरकर्त्यांची झुंबड! काल आणि आज स्क्रीन ओसंडून वाहते आहे. नोड एक, नोड दोन, पुन्हा नोड एक. सणासुदीला लोक ज्ञानाकडे वळतात, हे मला नवे आहे. ‘वेळेचे महत्त्व’ भाग आठवा टाकला.
गेणबा दारावरून जाताना यांना म्हणाला, मुंबईचा भाऊ दिवाळीला फोन करतो म्हणला व्हता, यंदा इसारला वाटतं. यांनी माझ्याकडे पाहिले. मी काय करणार? भाऊच तसा.

१२ नोव्हेंबर.
तुळशीचे लग्न झाले, आता लग्नांची घाई.
सारजाबाई सकाळी भोरला जाऊन आली ती तणतणतच. म्हणे भोरच्या विहीणबाईंनी काल फोन केला होता आणि आमच्या घरातून कोणीतरी त्यांना शिट्टी मारली! एकदा नव्हे, दोनदा. बाई माणसाला! सारजाबाई म्हणाली, त्या म्हनत्यात, ज्या गल्लीत आमाला म्हातारपणी शिट्ट्या मारत्यात तितली पोरगी कशी करावी? मी पाया पडले तवा कुटं गप झाल्या.
मी स्पष्ट सांगितले. या घरात शिट्टी मारणारे कोणी नाही. यांना उभे करून विचारले. हे म्हणाले, मला समोरचे दोन दात नाहीत, शिट्टी वाजेल कशी?
मग मी पुराव्यानिशी दाखवले. पहाऱ्यात कालची दुपार काढली. नोड एक, अनोळखी. लगेच नोड एक, अनोळखी. म्हणजे त्या वेळी लाइनवर वाचक होते. भोरचा फोन येणे शक्यच नाही. विहीणबाईंनी चुकीचा नंबर फिरवला असणार.
सारजाबाईने स्क्रीनला हात जोडले आणि गेली. मशीनचा पुरावा म्हटला की माणूस गप्प होतो.
हे मात्र जेवताना हसत होते. कारण विचारले. डाळीत मीठ कमी आहे म्हणाले. यात हसण्यासारखे काय?

१८ नोव्हेंबर.
पत्र! पुण्यातल्या एका कॉम्प्युटर क्लबला मी ऑक्टोबरातच, फलकाचा नंबर देऊन, पहाऱ्याबद्दल लिहिले होते. त्यांचे चिटणीस श्री. टिळेकर स्वतः पाहायला येणार. पसंत पडला तर क्लबमार्फत मुंबई, बंगलोर, जिथे जिथे असे फलक आहेत तिथे पहारा जाईल. मग मशीन परत नेण्याची मित्राची काय हिंमत!
भाषण तयार करायला घेतले.

२३ नोव्हेंबर, गुरुवार.
टिळेकरांचा फोन. सात डिसेंबरला येतो म्हणाले. गुरुवार. त्यांच्या कारखान्याला त्याच दिवशी सुट्टी.
गुरुवारी लाइट नसते हे सांगायला लाज वाटली. पिरंगुट म्हणजे काही खेडे नव्हे. मार्ग काढीन.

३० नोव्हेंबर, गुरुवार.
भोरकरांचा निरोप आला, आमच्याच फोनवर. मुलाचे काका कोंडिबा आता सगळे बघतात. घरात विचार करून शेवटचे काय ते पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला कळवणार. सारजाबाईच्या डोक्यात काहीतरी भलतेच बसले आहे. तिने त्यांना मुद्दाम गुरुवार सांगितला. म्हणते, बाई, लाइट नसती त्या दिशी तुमचा फोन शाना असतो. इतर दिशी अंगात येतंय त्याच्या.
अंधश्रद्धा. कशाकशाचे निर्मूलन करायचे माणसाने!
कोंडिबांनी बजावले आहे, फोन लागला नाही तर आमी समजू तुमचं मन न्हाई, वेल्ह्याची एक पोरगी बघून ठिवलीया.

४ डिसेंबर.
मार्ग निघाला. बहिरूच्या वर्कशॉपचा जनरेटर. गुरुवारी वर्कशॉप बंद, जनरेटर रिकामा. अंगणात आणून ठेवायचा, वायर खिडकीतून आत.
हे म्हणाले, गुरुवारी? अगं, त्या दिवशी सारजाबाईचा फोन आहे ना?
म्हटले, असू दे. दोन नोड आहेत, जागा भरपूर आहे. उलट पहाऱ्यावर फोन आल्याचे लगेच दिसेल.
हे टेलिफोन खात्यात तीस वर्षे होते. पण खांबावर चढणे वेगळे आणि सिस्टिम समजणे वेगळे.

६ डिसेंबर. महापरिनिर्वाण दिन.
सकाळी विहारात. दिवसभर मशीन बंद ठेवले. आज त्याविषयी काही लिहीत नाही.

७ डिसेंबर, गुरुवार. सायंकाळी.
जसे घडले तसे लिहिते. शिस्त म्हणजे शिस्त.
श्री. टिळेकर साडेदहाला आले. चाळिशीचे, मृदू बोलणारे. जनरेटर धडधडत होता. भाषण ओरडून करावे लागले, त्यातला विनोद ऐकू गेला नाही. मग पहारा दाखवला. ऑक्टोबरपासूनचे सगळे अनोळखी, ओळीने. ते पाहतच राहिले. विचारले, हे सगळे पाव मिनिटात का जातात? म्हटले, वेगाने वाचतात. विचारले, यातल्या एकाचे तरी नाव? म्हटले, लाजाळू आहेत. विचारले, कोणी काही लिहिले का? ‘वेळेचे महत्त्व’ बारा भाग दाखवले. म्हणाले, हे तुम्हीच लिहिलेत.
एवढ्यात सारजाबाई नवे लुगडे नेसून दारात आली, मागे सगुणा. अकरा वाजले होते.
आणि स्क्रीन उजळली! नोड एक, अनोळखी. गेला. नोड एक, अनोळखी. गेला. मग नोड दोन! पुन्हा नोड एक! अशी गर्दी दिवाळीतही पाहिली नव्हती. मी टिळेकरांना म्हटले, पाहा, पाहा, तुम्ही आल्याचे पुण्यात कळले वाटते! मोडेम तर शिट्ट्यांवर शिट्ट्या वाजवत होते.
सारजाबाई दाराशी हात चोळत उभी. म्हणाली, बाई, फोन का वाजना? आकराचा वायदा हाय. कोंडिबा वेल्ह्याला जाईल वो. म्हटले, जरा थांब, लाइनवर वाचक आहेत.
सगुणा स्क्रीनकडे पाहत होती. मग म्हणाली, बाई, तो अनोळखी आमच्या भोरचा तर नसंल?
हे जागचे उठले. अंगणात गेले आणि जनरेटर बंद केला.
स्क्रीन काळी. घरात एकदम शांतता. एवढी की सारजाबाईच्या बांगड्या वाजल्या त्या ऐकू आल्या. मी यांच्यावर ओरडण्यासाठी तोंड उघडले.
आणि फोन वाजला. यांनी उचलला. भोरहून कोंडिबांचा आवाज दारापर्यंत येत होता. आरं, मघापास्न नुसत्या शिट्ट्या खातुया! तुमच्या घरात मानसं हायेत का पाखरं? यांनी शांतपणे सांगितले, होती पाखरं, आत्ताच उडाली, घ्या, सारजाबाई बोलतात.
सारजाबाई दोन्ही हातांनी फोन धरून व्हय, व्हय करत राहिली. मग खाली बसली. डोळ्याला पदर लावून म्हणाली, पोरगी पसंत हाय. फोन लागंना म्हून सोयरीक मोडायचीच भाशा चालली व्हती. पन कोंडिबा म्हनला, आनखी एक डाव लावून बगतो.
सगुणा आत गेली आणि सगळ्यांना पाणी घेऊन आली. माझ्याच घरात. मला प्रथम दिले.
मी काळ्या स्क्रीनकडे पाहत होते. अकरा. सतरा ऑक्टोबरचे अकरा. दिवाळीची झुंबड. गेणबाचा मुंबईचा भाऊ. विहीणबाई, दोनदा.
टिळेकर हसले नाहीत. सभ्य माणूस. म्हणाले, बाई, प्रोग्राम उत्तम चालतो, एक घंटा सुटली नाही त्याच्या हातून. फक्त आलेली माणसे दुसरीकडे निघाली होती. म्हटले, म्हणजे खरा वापरकर्ता एकही नाही? तर ते जरा घुटमळले. म्हणाले, एक होता. ऑक्टोबरात मी आलो होतो. गेस्ट म्हणून. तुम्ही मला उद्धट म्हणून हाकलून दिलेत.
हे अंगणात जाऊन हसले. जनरेटर बंद असल्यामुळे स्पष्ट ऐकू आले.
निघताना टिळेकरांनी फ्लॉपी मागितली. माझे मन एकदम भरून आले. पहारा असलेली फ्लॉपी पुढे केली. म्हणाले, ही नको, कोरी असेल तर द्या, आमच्याकडे कमी पडतात.
दिली.

१० डिसेंबर, रविवार.
मित्रा मशीन घेऊन गेली. खोक्यात भरताना पुसून दिले. ती गळ्यात पडली. म्हटले, पुरे, बस चुकेल.
दोन्ही फोन पुन्हा बोलू लागले. दुपारपर्यंत गेणबाला, बहिरूला, सारजाबाईला हाका. पोळी करपली.
पी.पी. सेवेला शिस्त लावायची ठरवले. बोलणे तीन मिनिटांत आटपणे. लग्नाची बोलणी असल्यास पाच. बोलावणाऱ्याचे पूर्ण नाव. वडिलांचे नाव विचारायचे नाही, असेही ठरवले.
सारजाबाई लग्नाच्या तयारीबद्दल अर्धा तास बोलली. मी घड्याळ हातात घेऊन उभी होते. तोडवले नाही.

११ डिसेंबर.
सायंकाळी घंटा. धावत गेले. नेहमीप्रमाणे विचारले, कोणाला बोलवू? तर पलीकडून म्हणाले, तुमालाच. भोरहून कोंडिबा. म्हटले, माझ्याकडे काय काम?
म्हणाले, बाई, हितं दुकानात मानसं जमल्यात. मी सांगितलं, पिरंगुटला येक यंतर हाय, फोन केला की लई झ्याक शिट्टी घालतंय. कुनाला खरं वाटंना. जरा वाजवा की.
सांगितले, मशीन गेले पुण्याला. पलीकडे सगळी मंडळी हळहळली. कोंडिबा म्हणाले, आरारा, आमी एवडं ऐकाया आलो व्हतो.
ज्ञानफलकासाठी मुद्दाम आलेले पहिलेच लोक. त्यांना विन्मुख पाठवणे बरे दिसेना. हे अंगणात आहेत याची खात्री केली. दार लोटले. समोरचे दात सगळे शाबूत आहेत.
वाजवली. लांब, मध्ये थरथर, शेवटी चढी. अगदी मोडेमसारखी.
पलीकडे टाळ्या.
पहारा नाही, म्हणून नोंद इथे करते. नोड एक. भोरची मंडळी, नावानिशी. मिनिटभर थांबली. पुन्हा येणार म्हणाली.